भडका रिझर्व्ह

माझा राग सध्या बाटलीत मिळतो. पुण्यात मिळतो, मुंबईत मिळतो, विमानतळावर तर करमुक्त मिळतो. बाटलीवर माझं चित्र आहे. कपाळाला आठी, पदर कमरेला खोचलेला, मागे टेकडी. चित्रकारानं माझं नाक बसकं काढलंय. त्याचा मला जो संताप आला तो कंपनीनं मनगटाला पट्टा बांधून मोजून घेतला, आणि म्हणाली, "छान मॅडम, असाच येऊ द्या."

माझं नाव चारुशीला बोरस्ते. हे नाव ठेवणाऱ्या आत्यानं पाळण्यात माझा चेहरा नीट बघितला नसणार.

आमची बाग उंबरटेकला, म्हसोबाच्या टेकडीच्या उतारावर. तीन एकर, सगळा दगड. वेली शिराजच्या. ही द्राक्षं खायची नाहीत. साल जाड, बी मोठं, पाहुण्यानं कौतुकानं तोंडात टाकलं की त्याला थुंकायला जागा शोधून द्यावी लागते. पण लाल वाइनला हीच लागतात. वेलीला पाणी कमी द्यायचं, ऊन भरपूर द्यायचं, पायाखाली दगड द्यायचा. मग ती चिडते आणि सगळा जीव फळात ओतते. हे मला शास्त्रज्ञांनी सांगितलं. मला आधीच कळलं होतं, मी सून म्हणून आले होते.

टेकडीची अलीकडची बाजू आमची, पलीकडची माझ्या दिराची, रंगनाथभाऊजींची. त्यांनी तिकडे खाण काढली. सुरुंग लावायचा, टेकडी फोडायची, दगड क्रशरमध्ये घालायचे, खडी करायची, आणि त्या खडीचे रस्ते करून लोकांनी आमच्या बागेत निसर्ग बघायला यायचं. टेकडीला दोन बाजू असल्या तरी पाठ एकच असते, हे भाऊजींच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. रोज दुपारी सुरुंग उडायचा, घरातली भांडी वाजायची आणि वेलींवर पीठ चाळल्यासारखी पांढरी धूळ बसायची. मी पानं धुवायची. संध्याकाळपर्यंत पुन्हा पांढरी.

ज्या वर्षी हे सगळं सुरू झालं, त्या फेब्रुवारीत द्राक्षं उतरवली आणि रस काढायच्या मशीनची रबरी पिशवी फाटली. नवी पिशवी नाशिकपर्यंत आली आणि तिथे कुणाच्या तरी सहीसाठी बसून राहिली. द्राक्षं काही बसून राहत नाहीत. हेमंत, म्हणजे माझा नवरा, उद्या सूर्य मावळायचा विसरला तरी "बघू" म्हणेल असा माणूस. तो म्हणाला, "बघू."

"तुम्ही बघा. मी उतरते," म्हणाले, पाय धुतले आणि हौदात उतरले.

तेवढ्यात सुरुंग उडाला. पायाखाली द्राक्षं थरथरली. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मग मी जी तुडवायला लागले! एक पाय रंगनाथच्या क्रशरवर, एक पाय त्याला परवानगी देणाऱ्यावर, एक पाय नाशिकच्या त्या सहीवर, एक पाय "बघू"वर. घाम पाठीवरून पायात, पायावरून रसात. तोडणीच्या बाया हळूहळू मागे सरकल्या. शेवटी हौसाबाई लांबूनच म्हणाली, "ताई, मेली हो ती द्राक्षं. कधीच मेली."

तो रस मी पिंपात भरला आणि विसरले. रागच तो, रोजचाच. त्याची कोण आठवण ठेवतं?

दिवाळीनंतर ओवीला बघायला संगमनेरहून कानवडे मंडळी आली. ओवी माझी मुलगी, पुण्यात 'रसभाव' नावाच्या कंपनीत रसायनतज्ज्ञ. तिला लग्न करायचं नव्हतं, पण बापाचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून ती साडी नेसून एखाद्या निषेधाच्या फलकासारखी बसली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात वाइन बनवणं हा धंदा आहे, पण घरच्या फ्रीजमध्ये बाटली दिसणं म्हणजे संस्कार नाहीत. त्यामुळे पिंपातून चवीला काढलेली वाइन हेमंत कोकम सरबताच्या बाटलीत भरून ठेवतो. सगळे बागवाले ठेवतात. कुणाची आजवर गफलत झाली नव्हती, कारण घरातला सरबत करणारा माणूस वेगळा असायचा. त्या दिवशी मी मागच्या दारी फोनवर क्रशरवाल्यांशी भांडत होते. म्हणून हेमंतनं सरबत केलं. बर्फ घातला, जिरेपूड घातली, काळं मीठ घातलं.

कानवडेबाईंनी घोट घेतला. "कोकम वेगळंच आहे हं तुमचं," म्हणाल्या, आणि दुसरा पेला मागितला. मी आत आले तेव्हा त्या मान खाली घालून नवऱ्याच्या ताटलीतला चिवडा सारखा करत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"लग्न झाल्यापासून मी बोलायला लागले की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता!"

"अगं, इथे कुठे..."

"आत्ता वाढवा! कुठाय रिमोट? वाढवा ना!"

कानवडेसाहेबांनीही पेला संपवला होता. ते खुर्चीत मागे रेलून बसले होते, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांसमोर आमचा पंखा होता. ते उठून पंख्यावर ओरडायला लागले. "फिरतोस काय नुसता? वारा कुठाय? आयुष्यभर फिरतोय नुसता!" नवरा मुलगा उत्कर्ष लाजून खाली बघत होता, तो स्वतःच्या बुटांवर संतापला. त्यानं ते काढले, अंगणात भिरकावले आणि अनवाणीच गाडीत जाऊन बसला.

लग्न मोडलं. हेमंत कपाळाला हात लावून बसला. ओवीला कोकम आवडत नाही, म्हणून तिनं काही घेतलं नव्हतं. ती मात्र रिकाम्या पेल्याचा वास घेत होती आणि तिचे डोळे चमकत होते. लग्न मोडलेल्या मुलीचे डोळे असे चमकत नसतात. उरलेली बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून ती त्याच रात्री पुण्याला गेली.

पंधरवड्यानं परत आली ती सासर सापडल्यासारखी खूश होऊन. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून तिनं मला समजावलं.

"आई, परदेशात जंगलं पेटली की धूर द्राक्षबागांवर बसतो, माहितीय ना? द्राक्ष काय करतं, धुरातले रेणू साखरेला बांधून टाकतं. कुलूप घातल्यासारखं. मग त्याला वास नाही, चव नाही. पण वाइन झाली, कुणी प्यायलं, की तोंडातली लाळ ते कुलूप उघडते. घोट घेतल्यावर अचानक जळकं लागतं."

"आपल्याकडे कुठे जंगल पेटलं?"

"तू पेटली होतीस."

मग तिनं जे सांगितलं ते असं. माणसाला धावल्यानं येणारा घाम वेगळा आणि रागानं येणारा घाम वेगळा. रागाच्या घामात काही बारीक रेणू असतात. आपल्याला त्यांचा वास कळत नाही, पण नाकाला कळतो आणि नाक ते परस्पर मेंदूला कळवून टाकतं. आमच्या टेकडीच्या द्राक्षांवर एक रानटी यीस्ट राहतं. त्यानं माझ्या घामातले रेणू साखरेला बांधले. एवढंच नाही, तर विरजणाच्या चमच्यानं पातेलंभर दूध लागतं तसं त्यानं त्याच नमुन्याचे आणखी रेणू बनवत पिंपच्या पिंप लावून टाकलं. ते यीस्ट प्रयोगशाळेत मरतं. टेकडीवरच जगतं.

"म्हणजे कानवडेबाई माझा राग प्यायल्या?"

"हो. पण नुसता राग. कशाचा, ते त्यात नाही. रागाला पत्ता नसतो, आई. मेंदूला कळतं की आपण भडकलोय, मग तो समोर जे दिसेल त्यालाच कारण समजतो. नवरा दिसला तर नवरा. पंखा दिसला तर पंखा."

"आणि मी प्यायले तर?"

"तुला काही होणार नाही. तू चोवीस तास त्यातच असतेस."

मी लाटणं उचललं. ती हसत पळाली. त्या दिवशी आम्ही दोघी शेवटच्या हसलो असू.

'रसभाव'चा मालक तन्मय पारसनीस स्वतः बागेत आला. तिशीचा, अंगात सुती सदरा, आवाज असा की आपण आजारी आहोत असं वाटायला लागावं. तो म्हणाला, "मॅडम, देशाला राग येईनासा झालाय. लोक चिडतात, मेसेज टाकतात, झोपतात. खरा, पोटातून आलेला राग आता दुर्मीळ आहे. तुमच्याकडे त्याचा झरा आहे." मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला समजून घेतलं. आणि तेही पोरीच्या साक्षीनं. मी कबूल झाले. दर मोसमात मी तुडवायचं, त्यांनी विकायचं. ओवी या कामाची प्रमुख.

भडका रिझर्व्ह बाजारात आली आणि लोक तुटून पडले. आता कारण मिळालं होतं ना! सुनेनं सासूला सुनावलं आणि सकाळी म्हणाली, "अहो आई, वाइन बोलली ती." साहेबाला शिव्या देणारे कारकून दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली दाखवून नोकरी वाचवायला लागले. हॉटेलांत वेटरांना हेल्मेट आलं. एका नाट्यगृहात मध्यंतरात ही वाइन दिली, तर प्रेक्षकांनी दुसरा अंक स्वतःच केला. ठाण्यात एका सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणीतरी वाटली आणि बरीच वर्षं बंद असलेली लिफ्ट आठवड्यात चालू झाली. ओवीला त्याचं फार नवल वाटलं. मला नाही वाटलं. हॉल मिळाला नाही म्हणून सभा बंद लिफ्टच्या दारासमोर झाली होती.

बाकी सगळा राग फुकट गेला. तो मी रंगनाथच्या क्रशरवर काढला होता हो! लोकांनी तो घरी नेला आणि मिक्सरवर, मांजरावर, पार्किंगमधल्या शेजाऱ्यावर उडवून टाकला. टेकडी तिथेच फुटत होती.

पुढच्या हिवाळ्यात एक चमत्कार झाला. रंगनाथभाऊजी पेढे घेऊन आले. खोकत होते. दारातच उभं राहून म्हणाले, "वहिनी, क्रशर बंद करतो. डॉक्टर म्हणतो फुप्फुसात खडी झालीय. आणि माझ्याच घराच्या भिंतीला चीर गेली."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा.

त्या फेब्रुवारीत मी हौदात उतरले ती गाणं गुणगुणत. सुरुंग नाही, धूळ नाही, वेलींची पानं हिरवी. हौसाबाई इतकी घाबरली की तिनं मला ताप आहे का ते बघितलं. ती वाइन ज्यानं प्यायली तो म्हणाला, "बरी आहे." बस. मला तर तीच आवडली. जांभळासारखी, थोडी तुरट, मागून मिरीचा झणका. पारसनीसचा चेहरा मात्र उतरला. "बरी आहे" असं म्हणणाऱ्याला दुसरी बाटली विकता येत नाही.

मग माझ्या आयुष्यात विचित्र माणसं यायला लागली. एकजण रोज फाटकासमोर गाडी आडवी लावायचा. एक बाई दुपारी फोन करून विचारायची, "मॅडम, तुम्ही आनंदी आहात का? एक ते दहा." मागवला नसताना सोफा आला, तो परत करायला गेले तर दुसरा आला. जीवन कसं जगावं हे शिकवणारा एक तरुण येऊन मला श्वास घ्यायला शिकवायला लागला. सगळी कंपनीनंच पाठवलेली. मग चाचणीसाठी वेलींवर मागे राहिलेली थोडी द्राक्षं माझ्याकडून तुडवून घेतली. त्या वाइननं लोक नुसते कुरकुरले. पुण्यातल्या एका चाखणाऱ्यानं लिहिलं की प्यायल्यावर तासभर जोड्यात खडा असल्यासारखं वाटलं.

ओवी वैतागली. "आई, ही चिडचिड आहे. राग नाही."

"मग राग आण ना कुठून तरी! तुझी कंपनी मोठी आहे."

मी आपलं बोलून गेले.

पावसाळा सरला आणि पलीकडे क्रशर सुरू झाला. एक नाही, दोन. सुरुंग आता सकाळीही आणि दुपारीही. टेकडीचा माथा आमच्या अंगणातून खचलेला दिसायला लागला. मी रंगनाथच्या दारात गेले आणि अख्ख्या आळीसमोर त्यांना नको नको ते बोलले. पेढ्यांचा डबा त्यांच्या अंगणात फेकला. ते मान खाली घालून उभे राहिले. त्या मोसमात मी अशी तुडवली की हौदाला तडा गेला. ओवीचा पट्टा माझ्या मनगटावर लाल होऊन किंचाळत होता आणि ती हौदाच्या कडेला उभी राहून आकडे बघत होती. "सुपर, आई. आणखी दहा मिनिटं."

नव्या वाइनचा पहिला सोहळा आमच्याच बागेत करायचं ठरलं. त्याच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, रंगनाथभाऊजी हेमंतला भेटायला आले. मी दिसल्यावर परत निघाले. हेमंतनं हात धरून बसवलं. "ऊन किती आहे. कोकम घे, गार आहे."

तुम्हाला कळलंच असेल. मला नाही कळलं. मी त्यांच्यासमोर मुद्दाम तांदूळ निवडत बसले होते, म्हणजे बोलावं लागू नये आणि उठूनही जावं लागू नये. त्यांनी पेला रिकामा केला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, तुम्ही माझ्या दारात येऊन मला नालायक म्हणालात!"

"म्हणाले. पुन्हा म्हणते."

"मी बंद केलं होतं! मशीन भंगारात काढायला निघालो होतो! तुमच्या पोरीच्या कंपनीनं विकत घेतलं ते!"

तांदूळ माझ्या हातातून सांडले.

"त्यो पारसनीस, आणि तुमची ओवी, दोघं आले होते घरी. ओवी म्हणाली, काका, नाव तुमचंच राहू द्या, नाहीतर आईला राग तुमचा येणार नाही. माझं नाव वापरलं! तुमचा राग नीट यावा म्हणून मी रोज शिव्या खातोय!" ते खोकायला लागले, खोकताखोकताच ओरडत राहिले. "आणि विकलं का म्हणता? मला वाटलं, ओवीचंच आहे, ती सांभाळेल टेकडी! लहानपणी इथंच करवंदं खायची पोरगी!"

हेमंत पेल्याचा वास घेत उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तो "बघू" म्हणाला नाही. म्हणाला, "आता काय करायचं ते तू सांग."

मी ओवीला फोन केला नाही. फोनवर मी ओरडले असते, आणि तिनं ते आकडे लिहून घेतले असते. मला ओवी हवी होती, ओवीचा पट्टा नको होता. आणि टेकडी हवी होती.

सोहळ्याच्या दुपारी कंपनीची माणसं हिरवळीवर पांढऱ्या चादरी घालून खुर्च्या मांडून गेली. मग हेमंत, मी आणि तोडणीच्या बाया, आम्ही सगळ्या खुर्च्या उचलल्या आणि टेकडीच्या खांद्यावर नेल्या. तिथून पलीकडची खाण पूर्ण दिसते. बाग पाठीमागे राहते. रंगनाथभाऊजी आता आमच्या बाजूला होते. सुरुंग त्या दिवशी नको असं त्यांनी बजावून ठेवलं, जीव कुणाचा जायला नको होता. दोन्ही क्रशर मात्र भरून तयार ठेवले.

पाहुणे आले. गुंतवणूकदार होते, वर्तमानपत्रात चवीबद्दल लिहिणारे होते, खनिकर्म खात्यातले कुणी एक मोठे साहेब सपत्नीक होते. सगळ्यांचे कपडे पांढरे, लिननचे. पारसनीस गोंधळला. "मॅडम, खुर्च्या इकडे?"

"इथून सूर्यास्त छान दिसतो."

"पण चार वाजलेत."

"तोवर प्या."

कंपनीचा कॅमेरा सगळं थेट दाखवत होता. ओवी बाजूला पट्टा हातात घेऊन उभी. "आई, मनगट दे." दिलं नाही. पहिला घोट घेतला गेला. मी पदर हलवला. खाली रंगनाथभाऊजींनी बटण दाबलं.

दोन्ही क्रशर एकदम घरघरले. धुळीचा ढग वर आला आणि पांढऱ्या लिननवर, टक्कलांवर, काजूच्या बशीत, पेल्यांत बसला. ढग जरा विरळ झाला तेव्हा सगळ्यांसमोर एकच गोष्ट होती: अर्धी खाल्लेली टेकडी.

आधी साहेबांची बायको उठली. "हे काय आहे? हे काय आहे हे? डोंगर आहे का पाव?" तिनं पायातली चप्पल क्रशरच्या दिशेनं फेकली. मग जे सुरू झालं! गुंतवणूकदारांनी खुर्च्या उचलल्या. चवीबद्दल लिहिणारा एक गृहस्थ, ज्याचं आयुष्यात "किंचित" या शब्दाशिवाय एक वाक्य झालं नव्हतं, तो मुठी आवळून उतारावरून धावत सुटला. पारसनीस सगळ्यांच्या पुढे. क्रशरच्या पट्ट्यासमोर आडवा होऊन ओरडला, "बंद कर! आत्ता बंद कर!"

मशीनवरचा माणूस म्हणाला, "साहेब, बंद करायचं नाही असा मालकाचा हुकूम आहे."

"कोण मालक? हरामखोर! नाव सांग त्याचं!"

"तन्मय पारसनीस."

"काढून टाका त्याला!"

खात्याचे साहेब लालबुंद होऊन विचारत होते, "याला परवानगी कुणी दिली?" त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शिपायानं नम्रपणे सांगितलं, "आपणच, सर." साहेबांनी कॅमेऱ्यात बघून, सगळ्या राज्यासमोर, ती परवानगी रद्द केली आणि ज्यानं दिली त्याची चौकशी लावली. राग उतरल्यावर त्यांना मागे घेता आलं असतं, पण तोवर सगळ्यांनी बघितलं होतं.

ओवी कोरडीच उभी होती. चेहरा पांढरा, धुळीनं की कशानं. "आई, तू हे मुद्दाम केलंस."

मी तिच्यासमोर पेला धरला. "तू कधी घेत नाहीस ना? घे. तुझाच माल आहे."

तिनं तो एका दमात संपवला, माझ्याकडे बघत. टेकडी तिच्या पाठीमागे होती, समोर मी होते. तेव्हा तो सगळा राग माझ्यावर आला.

"तू आयुष्यभर रागावलीस! बाबांवर, काकांवर, कुकरच्या शिट्टीवर! माझ्या पहिल्या नंबरावरसुद्धा, कारण त्या दिवशी गॅस संपला होता! तो राग मी पुसत मोठी झाले, आई. पहिल्यांदा कुणाला तरी तो हवा होता. तू कुणाला तरी हवी होतीस! मी तुला मोठं केलं!"

"माझी टेकडी फोडून?"

"नाहीतर तू शांत झाली असतीस! शांत झालेली तू कशी असतेस ते मला माहीतच नाही! कोण आहेस तू शांत असताना?"

मला तिचा इतका राग आला होता की पट्टा असता तर वितळला असता. मी तिचे दोन्ही खांदे धरले. तिला वाटलं मी मारणार. मी तिला वळवलं. खाणीकडे तोंड करून उभं केलं.

"आता बोल. तिकडे बघून बोल."

तिनं तोंड उघडलं. पुण्यात पडद्यावर तिनं ही खाण रोज बघितली असेल, पण तिथे तिला रेघा दिसायच्या, टन दिसायचे. ती बघत राहिली. तिची नजर उतारावर काहीतरी शोधत होती, वरून खाली, पुन्हा वर.

"करवंदांची जाळी कुठाय?"

"तुझ्या कंपनीनं खाल्ली."

ती ओरडली. शब्द नव्हते त्यात. मग तीही धावत सुटली खाली, आणि मी बघितलं, माझी पोरगी लिननच्या कपड्यातल्या त्या येड्यांच्या गर्दीत शिरून क्रशरचा पट्टा दोन्ही हातांनी ओढत होती.

खाण बंद झाली. चौकशीला घाबरून साहेबच रोज फोन करून ती बंद असल्याची खात्री करून घेतात. पारसनीसनं आमचा करार मोडला आणि आता तो विदर्भात कुठेतरी एका शांत माणसाच्या शोधात आहे, झोप येणारी वाइन काढायची म्हणतो. जुन्या भडक्याच्या बाटल्या अजून बाजारात आहेत. संपतील.

ओवीनं नोकरी सोडली. या फेब्रुवारीत ती घरी आली. मशीन दुरुस्त होतं, पण आम्ही दोघीही हौदात उतरलो. हौसाबाई लांब उभी राहून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती.

दिवाळीनंतर पिंप उघडलं. ओवीनं घोट घेतला, मी घेतला. जांभूळ, थोडं तुरट, मागून मिरी. वाट बघितली. काहीच झालं नाही. रंगनाथभाऊजी म्हणाले, "बरी आहे."

"बरी?" ओवी माझ्याकडे वळली. "तू मला सांगू शकली असतीस. सोहळ्याआधी. एक फोन."

"तू मला सांगू शकली असतीस. क्रशर घेण्याआधी."

"तू ऐकलं असतंस?"

"तू विचारलंस?"

सुरुंग नव्हता, धूळ नव्हती, वाइनमध्येही काही नव्हतं. कुणी काही मोजत नव्हतं. आम्ही दुपारभर भांडलो, आमच्या स्वतःच्या रागानं, तिचा वेगळा, माझा वेगळा. घसा सुकला तेव्हा हेमंतनं दोन पेले आणून मध्ये ठेवले. लाल, गार, वर जिरेपूड.

आम्ही दोघींनी आधी वास घेतला.

कोकमच होतं. प्यायलो. ओवीनं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "हं, तर तू काय म्हणत होतीस?"